शब्द दिला होता, हक्क नव्हे : लायडा कॉन्ली यांचा दावा आणि न्यायमूर्ती होम्स यांचा निकाल



या मालिकेत आपण निकालपत्रं वाचतो. परीक्षेसाठी नाही, तर एखादा लेख वाचावा तशी. म्हणजे कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, काय सांगितलंय आणि काय गाळलंय, हे बघत. आजचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तारीख ३१ जानेवारी १९१०. नाव ‘कॉन्ली विरुद्ध बॅलिंजर’. लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स, ज्यांचं नाव कायद्याच्या पहिल्या वर्षापासून आपल्या कानावर पडतं. आणि हा दावा लढवणाऱ्या लायडा कॉन्ली या कोर्टात स्वतःच उभ्या राहिल्या होत्या.

इतक्या लांबचा निकाल का निवडला, ते आधी सांगतो. जमिनीच्या मालकीचा विषय निघाला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. वकील न लावता आपली बाजू आपणच मांडली तर चालते का? उत्तर सोपं आहे, चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशातला पहिलाच नियम सांगतो की पक्षकाराला स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात २०१३ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, वकील का लावता येत नाही ते लिहावं लागतं, रजिस्ट्रार मुलाखत घेतात आणि हा माणूस कोर्टाला मदत करू शकेल की नाही याचा अहवाल देतात. तेव्हा दार बंद नाही.

पण आम्हाला वाटतं, खरा प्रश्न दाराच्या आतला आहे. आत आलेल्या माणसाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत बसतं का? आणि बसलं नाही तर कोर्टाने त्याचं काय करायचं? या प्रश्नाकडे बघायला कॉन्लींचा दावा फार उपयोगी आहे. कारण तिथे नेहमीची सबब चालत नाही. ‘बिचाऱ्यांना कायदा कळत नव्हता’ असं त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही. त्यांना कायदा चांगला कळत होता.

टेकडीची गोष्ट

वायंडॉट हे उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यांच्या पूर्वजांना फ्रेंचांनी ह्युरॉन हे नाव दिलं, तेच पुढे त्यांच्या दफनभूमीला चिकटलं. १८४३ मध्ये या लोकांना ओहायोतून उठून पश्चिमेला, आज जिथे कॅन्सस सिटी आहे तिथे, यावं लागलं. सरकारने कबूल केलेली जमीन हाती आली नाही, म्हणून त्यांनी शेजारच्या डेलावेअर लोकांकडून जमीन घेतली. हे लक्षात ठेवा. जमीन सरकारने बक्षीस दिलेली नव्हती, यांनी पैसे मोजून घेतलेली होती. पहिल्याच वर्षी साथीच्या रोगांनी कित्येक माणसं गेली. नदीकाठच्या एका टेकडीवर त्यांना पुरलं. तीच ही दफनभूमी.

मग ३१ जानेवारी १८५५ चा तह झाला. त्यात ठरलं ते असं. वायंडॉट जमात म्हणून असलेली व्यवस्था मोडायची. माणसांना अमेरिकेचे नागरिक करायचं. जमीन सरकारच्या हवाली करायची आणि सरकारने ती त्यांच्यातच माणशी वाटून द्यायची. यात दफनभूमीचा वेगळा उल्लेख होता. ती जागा त्याच कामासाठी कायमची राखून ठेवली जाईल, असा त्याचा अर्थ. पुढे काही वायंडॉट कॅन्ससमध्येच नागरिक म्हणून राहिले, काही आजच्या ओक्लाहोमात गेले आणि तिथे त्यांची जमात पुन्हा उभी राहिली.

पन्नास वर्षांत शहर वाढलं. टेकडी भर बाजारात आली. सुमारे दोन एकरांची जागा, चहूबाजूंनी दुकानं आणि इमारती. आपल्याकडे अशा जागेवर ज्यांचा डोळा जातो, त्यांचाच तिथेही गेला. १९०६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ही जमीन विकायचा अधिकार गृहखात्याच्या मंत्र्याला दिला. मृतांचे अवशेष दुसरीकडे हलवायचे आणि आलेले पैसे वायंडॉट लोकांना द्यायचे. ओक्लाहोमातल्या जमातीची याला संमती होती. ही गोष्ट कॉन्लींची कहाणी सांगणारे अनेकदा गाळतात. आपण गाळायची नाही. पुढे ती लागणार आहे.

लायडा कॉन्ली यांची आई वायंडॉट होती आणि ती याच टेकडीवर पुरलेली होती. लायडा १९०२ मध्ये कॅन्सस सिटीच्या लॉ स्कूलमधून पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या, शेजारच्या मिसुरी राज्यात त्यांना वकिलीची सनद मिळाली होती. विक्रीची बातमी कळल्यावर त्यांनी दोन कामं केली. बहीण हेलेना हिच्यासह दफनभूमीत एक छोटी झोपडी उभारली, फाटकाला कुलूप घातलं आणि बंदूक घेऊन पहारा सुरू केला. लोकांनी त्या झोपडीला ‘फोर्ट कॉन्ली’ म्हणायला सुरुवात केली. आणि दुसरं, १९०७ मध्ये विक्रीला मनाई मिळावी म्हणून केंद्रीय न्यायालयात दावा लावला.

आपल्याकडच्या कोर्टाच्या आवारात ‘कब्जा सच्चा, दावा झूठा’ असं ऐकू येतं. या बहिणींनी दोन्ही धरून ठेवलं. कब्जा टेकडीवर आणि दावा कोर्टात.

खालच्या कोर्टात दावा फेटाळला गेला. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयात वकील म्हणून उभं राहायला लागणारी नोंदणी कॉन्लींकडे नव्हती. म्हणून जानेवारी १९१० मध्ये त्या पक्षकार या नात्याने स्वतः उभ्या राहिल्या. त्या कोर्टापुढे युक्तिवाद करणाऱ्या मूळ रहिवासी समाजातल्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. निकाल आला ३१ जानेवारीला. तहाला त्या दिवशी बरोबर पंचावन्न वर्षं झाली होती.

होम्स काय म्हणतात

निकाल छोटा आहे, निवांत वाचला तरी अर्ध्या तासात संपतो. वाक्यं आटोपशीर आहेत, कुठे चिडचिड नाही, वादीबद्दल एकही वावगा शब्द नाही. होम्स यांची लेखणी अशीच होती. त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत असं आहे. तहातलं वचन वायंडॉट जमातीला दिलेलं होतं. एकेका वंशजाला त्यातून स्वतंत्र हक्क मिळाला नाही. सरकारने स्वतःला बांधून घेतलं ते सचोटीने, कायद्याने नव्हे. आणि मूळ रहिवाशांचं हित कशात आहे हे ठरवून काँग्रेसने बदल केला, तर त्या सचोटीला बाध येत नाही. म्हणून वादीला या जागेत दोन हजार डॉलर किमतीची मालकी दाखवता येत नाही. इतकंच नव्हे, ही दफनभूमी सरकारने जशीच्या तशी ठेवावी असं म्हणायचा कोणताही हक्कच तिला नाही.

त्या काळच्या कायद्याच्या चौकटीत हे धक्कादायक नव्हतं. सातच वर्षं आधी, १९०३ मध्ये, ‘लोन वुल्फ विरुद्ध हिचकॉक’ या निकालात याच न्यायालयाने सांगून टाकलं होतं की मूळ रहिवाशांशी केलेले तह काँग्रेस एकतर्फी मोडू शकते. एखाद्या मुरलेल्या वकिलाने हा दावा बघून हात जोडले असते. ‘ताई, यात काही नाही’ असं सांगून फाइल परत दिली असती. आणि तो सल्ला चुकीचा ठरला नसता.

हा मुद्दा इथेच नोंदवून ठेवू. वकील आपल्या वतीने बोलतो, पण बोलायच्या आधी तो आपलं म्हणणं कापतो. जे कोर्टात टिकणार नाही ते काढून टाकतो. बहुतेक वेळा यात आपलंच भलं असतं. पण कधी कधी जे कापलं जातं, तेच आपलं खरं म्हणणं असतं. कॉन्लींनी ते कापलं नाही. त्यामुळे ते म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात कायमचं गेलं. स्वतः उभं राहण्याचा हा एक फायदा आहे, आणि निकालाच्या शेवटच्या ओळीत तो दिसत नाही.

आमचे आक्षेप

आता टीकेकडे येऊ. आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप वचन कोणाला दिलं याबद्दलचा. तहातलं वाक्य कर्मणी प्रयोगातलं आहे. जागा ‘राखून ठेवली जाईल’. कोण ठेवणार? कोणासाठी? वाक्यात दोन्ही नाहीत. सरकारी कागदात कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं लिहून आलं की आपण समजून जातो. होम्स यांनी ही गाळलेली जागा भरली आणि म्हटलं की वचन फक्त जमातीला होतं. पण त्याच तहाने जमातीची व्यवस्था मोडलेली आहे! म्हणजे ज्याला वचन दिलं, त्याचं अस्तित्व त्याच कागदाने संपवलं. मग ते वचन मागायला यायचं कोणी?

पुढे होम्स म्हणतात की जमात टिकून राहिली असती तर सरकारला जो अधिकार राहिला असता, तोच अधिकार ती मोडल्यावरही राहिला. आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. सरकारच्या अधिकाराचा प्रश्न आला की जमात जणू अजून आहे. वंशजाच्या हक्काचा प्रश्न आला की तो जमातीचा होता, तुमचा नव्हे. एकच जमात एका ओळीत जिवंत आणि दुसऱ्या ओळीत मेलेली, आणि दोन्ही वेळा फायदा एकाच पक्षाचा. इतक्या काटेकोर न्यायाधीशाच्या हातून हे निसटलं, असं आम्हाला वाटत नाही. प्रस्थापित कायदाच तसा होता आणि ते त्याच्या मागे गेले. पण वाचकाने हे बघायला हवं.

दुसरा आक्षेप दोन हजार डॉलरचा. त्या काळी काही प्रकारच्या दाव्यांत केंद्रीय न्यायालयात येण्यासाठी वादाचा विषय इतक्या किमतीचा असावा लागे. नियम म्हणून ठीक आहे, आपल्याकडेही दाव्याचं मूल्यांकन करावं लागतं, त्यावर कोर्ट फी ठरते, कोणत्या कोर्टात जायचं ते ठरतं. पण इथे काय झालं ते बघा. वादी म्हणते, आईला हलवू नका. कोर्ट विचारतं, या जागेतल्या तुमच्या मालकीची किंमत किती? प्रश्नाला उत्तर देताना प्रश्नच बदलला. कॉन्लींना ती जमीन विकायची नव्हती, बांधायची नव्हती, भाड्याने द्यायची नव्हती. त्यांना मालकीचे सगळे अधिकार नकोच होते, फक्त एक हवा होता: तिथे जे आहे ते तसंच राहावं. मालकीच्या भाषेत याला चटकन नाव सापडत नाही. ते सापडत नाही, इतकं तरी कोर्टाने लिहायला हवं होतं.

तिसरा आक्षेप आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. मालकी सिद्ध होत नाही एवढ्यावर दावा निकालात निघाला असता. होम्स त्यापुढे गेले आणि म्हणाले की जागा तशीच ठेवा असं म्हणायचा कोणताच हक्क नाही. त्यासाठी आधार सचोटीचा, आणि सचोटी पाळली की नाही हे ठरवणार काँग्रेस. म्हणजे शब्द देणारं सरकार आणि शब्द मोडला का हे ठरवणारंही सरकारच. गावच्या पंचायतीतसुद्धा असा न्याय कोणी चालवून घेणार नाही.

होम्स यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १८९७ मध्ये बॉस्टनला त्यांनी ‘द पाथ ऑफ द लॉ’ हे व्याख्यान दिलं होतं. कायदा आणि नीती यांची गल्लत करू नका, हे त्यातलं मुख्य सांगणं. नैतिक शब्द कायद्यात घुसले की विचार गढूळ होतो, असं त्यांना वाटे. तेव्हा १९१० मध्ये त्यांनी सचोटी आणि कायदा वेगळे केले, ते एका बाईविरुद्ध नव्हे, आयुष्यभराच्या भूमिकेला धरून केले. शिवाय ओक्लाहोमातल्या जमातीची संमती होती. एकेका वंशजाला नकाराधिकार दिला तर कुठल्याही समूहाचा कुठलाच निर्णय अमलात येणार नाही, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो हलका नाही. वडिलोपार्जित जमिनीत पंधरा हिस्सेदार असतील तर काय होतं, हे आपण घरोघरी बघतो.

पण मग आमचं म्हणणं असं की निकाल त्या मुद्द्यावर द्यायला हवा होता. दूर गेलेल्यांची संमती जवळ राहिलेल्यांवर बंधनकारक का, मेलेल्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न कोर्टापुढे उभे होते. त्यांना हात घातला असता तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण कॉन्लींना आपण कशात हरलो ते कळलं असतं. निकालात त्यांच्या पूर्वजांचा उल्लेख येतो तो दाव्यातलं कथन म्हणून, आणि पुढे त्या कथनाचं काहीच होत नाही.

तंजावरची राणी

हे वाचताना आम्हाला एक घरची गोष्ट आठवली. घरची म्हणजे तंजावरच्या भोसल्यांची. १८५५ याच वर्षी तंजावरचे राजे शिवाजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य तर खालसा धरलंच, पण राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. कंपनीच्या बाजूने अपील प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं आणि १८५९ मध्ये राणी हरल्या. कारण काय? कंपनीने केलं ते राज्यकृत्य. ते न्याय्य होतं की अन्याय्य, यात कोर्टाने पडायचं नाही.

कामाक्षीबाईंना नामांकित वकील होते. तेव्हा वकील असता तर कॉन्ली जिंकल्या असत्या, असं म्हणायला जागा नाही. दोघींपुढे भिंत एकच होती: राज्यसत्तेने दिलेला शब्द आणि नागरिकाचा हक्क यांच्यामधली.

पुढची गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणायची. १८५९ ला राणी हरल्या आणि १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता राण्यांना सोडून दिली. १९१० ला कॉन्ली हरल्या आणि १९१३ मध्ये काँग्रेसने विक्रीचा अधिकार मागे घेतला. कॅन्ससचे सिनेटर चार्ल्स कर्टिस, जे स्वतः अंशतः मूळ रहिवासी वंशाचे होते, त्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. दोन्हीकडे तीनच वर्षं. जे कोर्टाने दिलं नाही ते सरकारने दिलं.

मग शेवट गोड झाला का? बरेच जण कॉन्लींची कहाणी इथेच संपवतात: खटला हरली, लढाई जिंकली, टाळ्या. आम्हाला ते पटत नाही. हक्क म्हणून मिळालेली गोष्ट आणि मेहेरबानी म्हणून मिळालेली गोष्ट यांत फरक असतो. हक्काला दरवर्षी मुजरा करावा लागत नाही. मेहेरबानी देणाऱ्याचं मन बदललं की संपते. आणि झालंही तसंच. दफनभूमी विकण्याची टूम पुढच्या दशकांत पुन्हा पुन्हा निघाली. कॉन्ली म्हाताऱ्या होईपर्यंत तिथे राखण करत राहिल्या. १९३७ मध्ये या राखणीपायीच त्यांना शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंगात जाणं पसंत केलं. १९४६ मध्ये त्या गेल्या आणि याच टेकडीवर त्यांना पुरलं. त्यांच्यानंतर, १९९० च्या दशकात, जुगारघराच्या बेतावरून कॅन्सस आणि ओक्लाहोमा इथल्या वायंडॉटांत पुन्हा वाद पेटला. १९९८ मध्ये दोघांनी मिळून ठरवलं की ही जागा फक्त धार्मिक आणि सांस्कृतिक कामांसाठीच राहील. म्हणजे मेलेल्यांच्या वतीने कोण बोलणार, हा १९१० मध्ये बाजूला ठेवलेला प्रश्न अखेर त्या लोकांनी आपसांत बसून सोडवला. राष्ट्रीय स्मारक म्हणून सर्वोच्च दर्जा मिळायला २०१६ उजाडलं.

आपल्यासाठी यात काय?

आता आपल्या तालुक्याच्या कोर्टात येऊ. जमिनीच्या दाव्यात स्वतः उभा राहिलेला आपला माणूस काय घेऊन येतो? बहुतेक वेळा सातबारा. ‘साहेब, आजोबांपासून नाव आहे, जमीन आमची.’ महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ त्याला थोडा आधार देतं: अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची. पण फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. कोर्टाला हवं असतं खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाची साखळी. शिवाय मागणी बरोबर हवी. विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ३४ सांगतं की ताब्यासारखी पुढची मागणी करता येत असूनही केली नाही, तर नुसता मालकीचा जाहीरनामा मिळणार नाही. माणूस जे वाटतं ते मागतो. कायदा जे देता येतं तेवढंच देतो. कॉन्लींनी ‘हलवू नका’ म्हटलं, कोर्टाने ‘मालक कोण’ विचारलं. आपला शेतकरी ‘आमची आहे’ म्हणतो, कोर्ट ‘दस्त कुठे’ विचारतं. अंतर तेच.

म्हणून कोणी विचारलं की स्वतः उभं राहावं का, तर आमचं उत्तर दोन भागांत आहे. तुमची बाजू कायद्याच्या चौकटीत बसणारी असेल तर ती बसवून देणारा माणूस घ्या. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणखीही काही गट त्यात येतात. हट्टापायी जमीन घालवू नका. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात, पण पायरी चढावीच लागली तर निदान कागद घेऊन चढा.

दुसरा भाग न्यायाधीशांसाठी, आणि निकाल वाचणाऱ्या आपल्यासाठीही. स्वतः उभा राहिलेला माणूस हरणारच असेल तर हरू दे. कायद्यात नाही ते कोर्टाने द्यावं, असं आम्ही म्हणत नाही. पण तो काय मागत होता हे त्याच्या शब्दांत एकदा नीट लिहा, आणि मग त्यातलं काय, कोणत्या कारणाने देता येत नाही ते सांगा. वकिलाने आधी कापाकापी केली असेल तर कोर्टाला हे काम पडत नाही. वकील नसेल तेव्हा ते काम कोर्टाकडे येतं. होम्स यांच्या निकालातली उणीव आम्हाला हीच वाटते. त्यांनी मालकी नाकारली, ते समजू शकतं. पण एक मुलगी आपल्या आईच्या कबरीबद्दल बोलत होती, ती गोष्ट नाकारली की नुसती बाजूला ठेवली, हे पूर्ण निकाल वाचूनही कळत नाही.

निकाल सार्वजनिक आहे, वाचायला पैसे पडत नाहीत आणि इंग्रजी फार अवघड नाही. पुढच्या वेळी भेटण्याआधी तो एकदा वाचा. आमचं वाचन चुकलं असं वाटलं तर जरूर भांडा. फक्त ओळीवर बोट ठेवून भांडा.